एस.बी.एल.चा पेपर : पाठांतर पुरत नाही, सल्ला देता आला पाहिजे

बी.कॉम. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाला सी.ए. आणि कॉस्ट अकाउंटन्सी यांच्या जोडीने आता तिसरे उत्तरही सर्रास ऐकू येते. ते म्हणजे ए.सी.सी.ए. दुबई, मस्कत, कुवेत, दोहा या ठिकाणी हिशेब खात्यात काम करणाऱ्या कोकणातील व मुंबई-ठाण्याकडील तरुणांना या पदवीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तेथील कंपन्यांच्या जाहिरातींत तिचा उल्लेख ते नेहमी वाचतात. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून एकेक पेपर सोडवणारे किती तरी तरुण आमच्या वाचकांत आहेत. पाया पक्का असलेली ही मुले-मुली पुढे जाऊन ज्या एका पेपरपाशी दोनदा-तीनदा अडतात, त्याचे नाव ‘स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर’, म्हणजेच एस.बी.एल. अलीकडच्या बहुतेक सत्रांत या पेपरला बसणाऱ्यांपैकी सुमारे निम्मेच उत्तीर्ण झाले आहेत.

प्रत्येक वेळी परीक्षा फी पौंडांत भरावी लागते. रुपयांत किंवा दिरहममध्ये ती रक्कम लहान नसते आणि पुष्कळदा ती घरातील थोरल्या भावाच्या किंवा वडिलांच्या कमाईतून जाते. बढती लांबते, उमेद खचते आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असा समज होऊन काही जण शेवटच्या टप्प्यावर अभ्यास सोडून देतात. म्हणून हा पेपर नेमके काय मागतो आणि तो सोडवण्याची रीत कोणती, याचा विचार आम्ही येथे थोड्या तपशिलाने करीत आहोत.

पेपरची ओळख

ए.सी.सी.ए. म्हणजे असोसिएशन ऑफ चार्टर्ड सर्टिफाइड अकाउंटंट्स. या संस्थेचा उगम १९०४ साली लंडनमध्ये झाला. १९०९ साली एथेल आयर्स पर्डी या महिलेस सभासदत्व देऊन तिने हिशेबाच्या व्यवसायाचे दार स्त्रियांसाठी उघडले, ही गोष्ट आमच्या भगिनींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. परीक्षांबरोबर तीन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि नीतिमत्तेचा अभ्यासघटक पूर्ण केल्यावर सभासदत्व मिळते. मात्र भारतात कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार १९४९ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या आपल्याकडील सी.ए. संस्थेच्या सभासदांनाच आहे. परदेशात किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी करावयाची की येथे स्वतःचे ऑफिस थाटावयाचे, हे आधी ठरवून मगच वाट निवडावी.

एस.बी.एल. हा पेपर सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाला. पूर्वीचे दोन पेपर, एक कंपनी-प्रशासन, जोखीम व नीतिमत्ता यांचा आणि दुसरा व्यवसाय विश्लेषणाचा, यांची जागा त्याने घेतली. आरंभी तो चार तासांचा होता. सप्टेंबर २०२३ पासून तो ३ तास १५ मिनिटांचा झाला आणि परीक्षेच्या दोन आठवडे आधी कंपनीची प्राथमिक माहिती उमेदवारांना देण्याची पद्धत सुरू झाली. पेपर संगणकावर इंग्रजीतून लिहावयाचा असतो. एकाच काल्पनिक कंपनीची गोष्ट, तिला जोडलेली कागदपत्रे आणि त्यावर सर्व सक्तीचे प्रश्न, असे त्याचे रूप असते. एकूण गुण १००. त्यांपैकी ८० गुण विषयज्ञानाचे आणि २० गुण व्यावसायिक कौशल्यांचे. उत्तीर्ण होण्यास ५० गुण लागतात. संस्थेने २०२५ मध्ये संपूर्ण अभ्यासक्रमाची फेररचना जाहीर केली असून ती २०२७ पासून लागू करण्याचे ठरवले आहे. तेव्हा आपण ज्या सत्राला बसणार त्याचे नियम संस्थेकडून पडताळून घ्यावेत. पुढे सांगितलेली उत्तर लिहिण्याची रीत मात्र सल्ला मागणाऱ्या कोणत्याही व्यावसायिक पेपरला उपयोगी पडेल.

हुशार विद्यार्थी का अडकतो?

शाळेपासून आपल्याला एक सवय लागलेली असते. प्रश्नात ओळखीचा शब्द दिसला की त्या विषयावर जेवढे येते तेवढे लिहून काढायचे. ‘जोखीम’ हा शब्द दिसला की जोखमीची व्याख्या, तिचे प्रकार आणि ती हाताळण्याचे चार मार्ग. बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या परीक्षेत या सवयीने गुण मिळतात. एस.बी.एल.मध्ये मिळत नाहीत. येथे परीक्षक विद्यार्थ्याच्या जागी एक सल्लागार पाहू इच्छितो. कंपनीच्या अध्यक्षाने आपल्याला बोलावून विचारले आहे, ‘हे करू की नको?’ आणि त्याला उत्तर हवे आहे. जोखमीची व्याख्या त्याला नको आहे.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, रत्नागिरीकडे आंब्याचा पल्प डबाबंद करणारा एक घरगुती कारखाना आहे. वर्षाची विक्री १० कोटी रुपये. त्यातला ६ कोटींचा माल दुबईचा एकच खरेदीदार घेतो आणि १२० दिवसांनी पैसे देतो. गेली तीन वर्षे विक्री दरसाल ६ टक्क्यांनी वाढली आहे. व्यवस्थापकीय संचालकांना ४ कोटींचा फ्रीजिंग प्लांट घ्यायचा असून त्यातील ३ कोटी बँकेकडून कर्जाऊ घ्यावयाचे आहेत. पुढील पाच वर्षे विक्री दरसाल २५ टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचे एजंट हे त्यांचे मेहुणे आहेत. प्रश्न असा : ‘आपण सल्लागार आहात. या प्रस्तावातील जोखमींचे मूल्यमापन करणारे टिपण अध्यक्षांसाठी लिहा. गुण १२. संचालकांच्या दाव्यांकडे चिकित्सक नजरेने पाहण्याच्या कौशल्यास गुण ३.’

पाठांतर करणारा विद्यार्थी असे लिहितो : ‘जोखीम म्हणजे भविष्यातील अनिश्चितता. जोखीम व्यूहात्मक, कामकाजातील, आर्थिक अशा प्रकारची असते. जोखीम टाळता, कमी करता, दुसऱ्यावर सोपवता किंवा स्वीकारता येते. एकाच ग्राहकावर अवलंबून राहणे धोक्याचे असते. कंपनीने ग्राहक वाढवावेत.’ यात चूक काहीच नाही. पण हे उत्तर आंब्याच्या कारखान्याला लागू आहे तसेच भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला आणि सिमेंटच्या कंपनीलाही लागू आहे. परीक्षकाला त्यात गुण देण्याजोगी जागा एखादीच सापडते.

सल्लागार असे लिहितो : ‘विक्रीचा ६० टक्के भाग एकाच खरेदीदाराकडून येतो आणि तो १२० दिवसांनी पैसे देतो. विक्री वर्षभर सारखी धरली तरी जवळजवळ २ कोटी रुपये सतत त्याच्याकडे अडकलेले असतात. अशा स्थितीत ३ कोटींचे नवे कर्ज घेतल्यावर त्याने एका हंगामाची ऑर्डर कमी केली, तरी बँकेचा हप्ता थकेल. म्हणून कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी त्याच्याशी किमान दोन हंगामांचा लेखी करार करावा आणि ६० दिवसांची मुदत मागावी.’

हा एक मुद्दा झाला. पुढचा मुद्दा असा : ‘दरसाल २५ टक्के वाढ म्हणजे पाच वर्षांत विक्री तिपटीवर, सुमारे ३० कोटींवर नेणे. आजवरची वाढ ६ टक्के आहे. शिवाय एवढा आंबा कोठून येणार, याचा प्रस्तावात उल्लेख नाही. हंगाम थोड्या आठवड्यांचा असून पीक वर्षागणिक कमी-जास्त होते. बागायतदारांशी झालेले करार दाखवल्याशिवाय हा अंदाज मंडळाने धरून चालू नये.’

आणि तिसरा : ‘यंत्राचे एजंट संचालकांचे नातेवाईक आहेत. त्यांचा हेतू स्वच्छ असला तरी हा हितसंबंध मंडळापुढे लेखी मांडला गेला पाहिजे, आणखी दोन पुरवठादारांची दरपत्रके मागवली पाहिजेत आणि या ठरावावर संचालकांनी मतदान करू नये.’

दोन्ही विद्यार्थ्यांनी एकच पुस्तक वाचले आहे. फरक एवढाच, की दुसऱ्याचे प्रत्येक वाक्य याच कारखान्याविषयी आहे. त्याच्या प्रत्येक मुद्द्यात तीन पायऱ्या दिसतात : कागदपत्रातील वस्तुस्थिती, तिचा या कंपनीवर होणारा परिणाम आणि त्यावर करावयाचा उपाय. आपले वाक्य लिहून झाले की स्वतःला विचारावे, ‘मग काय?’ या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वाक्यात आले तर मुद्दा पुरा झाला. नाही आले तर तो अर्धाच राहिला. सर्वसाधारणपणे नुसत्या ओळखलेल्या मुद्द्याला एखादा गुण आणि नीट पुरा केलेल्याला दोन गुण असा हिशेब धरावा. म्हणजे १२ गुणांच्या प्रश्नाला सहा पुरे मुद्दे हवेत. बारा अर्धवट मुद्दे लिहिण्यात वेळही जातो आणि गुणही जातात.

आधी मिळणाऱ्या माहितीचे काय करावे?

दोन आठवडे आधी मिळणाऱ्या कागदात कंपनीचा इतिहास, तिचा व्यवसाय, मंडळाची रचना, बाजारपेठ, काही आकडे अशी पार्श्वभूमी असते. त्यात प्रश्न नसतात. हाच मजकूर परीक्षेच्या वेळी पडद्यावरही उपलब्ध असतो, म्हणून तो पाठ करण्याची गरज नाही. बाहेरून भाराभर माहिती गोळा करण्याचीही गरज नाही. उत्तराला लागणारी माहिती पेपरातच दिलेली असते.

तरीही हे दोन आठवडे फार मोलाचे आहेत. आम्ही सुचवतो ते असे. पहिल्या दिवशी कागद दोनदा शांतपणे वाचावा. मग एका पानावर चार गोष्टी मांडाव्यात : ही कंपनी पैसा कशातून कमावते, तिचे निर्णय कोण घेतो, तिच्यावर कोणाकोणाचा दाब आहे आणि तिला झोप लागू न देणारी गोष्ट कोणती. त्यानंतर प्रत्येक प्रमुख व्यक्तीच्या खुर्चीत बसून पाहावे. अध्यक्षाला काय हवे आहे? बँकेला काय हवे आहे? कामगारांना कशाची धास्ती आहे?

एक मोह मात्र टाळावा. क्लासमध्ये किंवा मित्रांमध्ये ‘यंदा हा प्रश्न येणार’ अशी भाकिते होतात आणि उत्तरे तयार करून ठेवली जातात. परीक्षेच्या दिवशी नवी कागदपत्रे हाती येतात आणि कंपनीची परिस्थिती पुढे सरकलेली असते. तयार उत्तर तेथे बसत नाही आणि ते बळेच बसवलेले परीक्षकाच्या लगेच ध्यानात येते.

प्रश्न वाचण्याची रीत

पेपर उघडल्यावर आधी सर्व प्रश्न वाचावेत आणि मग कागदपत्रे. काय शोधायचे आहे हे माहीत असले म्हणजे वाचताना ते सापडते. प्रत्येक प्रश्नात पाच गोष्टींवर खूण करावी.

१) मी कोण आहे? बाहेरचा सल्लागार, अंतर्गत लेखापरीक्षक की वित्त विभागातील अधिकारी?

२) वाचणार कोण? अध्यक्ष, संपूर्ण मंडळ, कर्मचारी की एखादा नाराज भागधारक?

३) स्वरूप कोणते? अहवाल, पत्र, ई-मेल, टिपण की सादरीकरणाच्या स्लाइड्स?

४) क्रियापद कोणते? ‘एक्सप्लेन’ म्हणजे कारणासह समजावून सांगा. ‘डिस्कस’ म्हणजे दोन्ही बाजू मांडा. ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे दोन्ही बाजू तोलून निकाल द्या. ‘रेकमेंड’ म्हणजे काय करावे ते ठामपणे आणि कारणासह सांगा. पुष्कळ विद्यार्थी ‘इव्हॅल्युएट’ला फक्त फायदे-तोट्यांची यादी देतात आणि निकाल देतच नाहीत.

५) मर्यादा कोणती? प्रश्न ‘फक्त प्रशासनाशी संबंधित मुद्दे’ मागत असेल तर बाजारपेठेवर लिहिलेले सुंदर पानही वाया जाते. प्रश्नात ‘आणि’ हा शब्द असेल तर ते दोन प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरे द्यावीत.

वीस गुणांची पाच कौशल्ये

व्यावसायिक कौशल्यांचे २० गुण हे वरकड गुण आहेत, असे समजून पुष्कळ जण त्यांकडे दुर्लक्ष करतात. हिशेब करून पाहा. विषयज्ञानाचे ४४ आणि कौशल्यांचे ५ मिळवणारा ४९ वर राहतो. विषयज्ञानाचे ३८ आणि कौशल्यांचे १२ मिळवणारा ५० गाठतो. कोणते कौशल्य तपासले जाणार हे प्रश्नातच लिहिलेले असते. ही कौशल्ये पाच आहेत.

पहिले, संवाद. वाचणाऱ्याला समजेल अशी भाषा, योग्य स्वरूप, मथळे, नीट क्रम. कामगारांना लिहिलेल्या पत्रात हिशेबाची परिभाषा नको. मंडळाला लिहिलेल्या अहवालात गप्पांची भाषा नको. स्लाइड मागितली असेल तर स्लाइडवर मोजक्या ओळी आणि खालच्या टिपणात स्पष्टीकरण, अशी विभागणी करावी.

दुसरे, व्यापारी समज. आपला सल्ला प्रत्यक्षात चालेल काय? व्यापारी घरात वाढलेल्या मुलांना हे कौशल्य उपजत असते, पण परीक्षेत ते वापरावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. उधारी कशी अडते, हंगाम कसा चुकतो, गिऱ्हाईक कसे तुटते, हे दुकानावर बसलेल्या मुलाला ठाऊक असते. तेच येथे लिहावयाचे आहे. रोखीची तंगी असलेल्या कंपनीला ‘दहा देशांत शाखा काढा’ असे सांगणाऱ्याला या कौशल्याचे गुण मिळत नाहीत.

तिसरे, विश्लेषण. दिलेली माहिती चाळून तिच्यातला अर्थ काढणे. विक्री वाढली पण नफा घटला, असे आकडे दिसले तर ‘विक्री वाढली, नफा घटला’ एवढे लिहून विश्लेषण होत नाही. का घटला, हे दुसऱ्या कागदातील माहितीशी जोडून दाखवले म्हणजे होते. ‘सवलत देऊन माल खपवला’ ही ओळ विक्री व्यवस्थापकाच्या ई-मेलमध्ये कोठे तरी असते.

चौथे, चिकित्सक नजर. कोणी सांगितले म्हणून खरे न मानणे. सांगणाऱ्याचा स्वार्थ काय, पुरावा काय, आकडे एकमेकांशी जुळतात काय? वरच्या उदाहरणातील २५ टक्क्यांचा मुद्दा या जातीचा आहे. मात्र येथे सभ्यता सोडू नये. ‘संचालक खोटे बोलत आहेत’ असे न लिहिता ‘या अंदाजाला आधार दिसत नाही, तो मागवावा’ असे लिहावे.

पाचवे, मूल्यमापन. दोन्ही बाजू तोलणे, कोणता मुद्दा अधिक वजनदार आणि का हे सांगणे, आणि शेवटी निर्णय देणे. ज्याला सहा मुद्दे सारख्याच महत्त्वाचे वाटतात, त्याने तोलण्याचे काम केलेले नाही.

सिद्धांत कोठे आणि किती?

मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेली पाच शक्तींची मांडणी, परिस्थितीचा राजकीय-आर्थिक-सामाजिक असा सर्व अंगांनी विचार, संबंधितांची सत्ता आणि आस्था मोजणारा मेंडेलो यांचा तक्ता, एखादा प्रस्ताव योग्य, मान्य आणि शक्य आहे काय ही तिहेरी कसोटी, हे सर्व यायलाच हवे. पण ही अवजारे आहेत. सुतार गिऱ्हाइकाला टेबल दाखवतो, रंधा दाखवत नाही.

मेंडेलोच्या तक्त्याचे चार चौकोन समजावून सांगण्यापेक्षा असे लिहावे : ‘दुबईच्या खरेदीदाराकडे सत्ताही आहे आणि आस्थाही, म्हणून निर्णय जाहीर होण्यापूर्वी अध्यक्षांनी स्वतः त्याच्याशी बोलावे.’ सिद्धांताचे नावही न घेता तो येथे वापरला गेला आहे. प्रशासनाच्या प्रश्नातही तसेच. ब्रिटनच्या कॅडबरी समितीने १९९२ च्या अहवालात कंपनीच्या शिखरावर जबाबदाऱ्यांची स्पष्ट विभागणी असावी, कोणा एकाच्या हाती निर्णयाची अनिर्बंध सत्ता नसावी, असे सांगितले. हे ठाऊक असणे आवश्यक आहे. पण गुण मिळतात ते अध्यक्ष आणि मुख्याधिकारी एकच असल्यामुळे याच कंपनीत कोणता चुकीचा निर्णय अडवला गेला नाही, हे कागदपत्रातून दाखवल्यावर.

अभ्यासक्रम मोठा आहे. नेतृत्व, प्रशासन, व्यूहरचना, जोखीम, तंत्रज्ञान, अंतर्गत नियंत्रण, वित्त आणि बदलाचे व्यवस्थापन हे सर्व त्यात येते. कोणताही भाग ‘ऑप्शनला’ टाकता येत नाही, कारण एकाच प्रश्नात तीन भाग मिसळलेले असतात.

वेळेचा हिशेब

एकूण वेळ १९५ मिनिटे. आमच्या मते त्यातील ३५ मिनिटे वाचण्यासाठी आणि आराखड्यासाठी बाजूला काढावीत. उरली १६० मिनिटे. विषयज्ञानाचे गुण ८०. म्हणजे दर गुणास २ मिनिटे. १२ गुणांचा प्रश्न २४ मिनिटांत, २० गुणांचा ४० मिनिटांत. कौशल्यांच्या गुणांना वेगळा वेळ लागत नाही, कारण ते त्याच उत्तरातून मिळतात.

प्रत्येक प्रश्नाची संपण्याची वेळ आरंभीच लिहून ठेवावी आणि ती झाली की वाक्य अर्धे असले तरी पुढे जावे. चांगल्या उत्तरात आणखी दहा मिनिटे घातली तर एखाद-दुसरा गुण वाढतो. तीच दहा मिनिटे कोऱ्या प्रश्नाला दिली तर पहिले चार-पाच गुण सहज मिळतात. पहिल्या प्रश्नावर एक तास जास्त घालवून शेवटचा प्रश्न सोडून देणारे उमेदवार विषय येत असूनही नापास होतात.

आराखड्यासाठी फार लिहू नये. पडद्यावरच्या कच्च्या वहीत प्रत्येक प्रश्नाखाली मुद्द्याचा एक शब्द आणि तो कोणत्या कागदात आहे त्याची खूण, एवढे पुरे. कागदपत्रातील मजकूर जसाच्या तसा उचलून उत्तरात चिकटवणे निरर्थक आहे. अध्यक्षाला स्वतःची कंपनी माहीत आहे. त्याला तीच माहिती परत नको आहे.

इंग्रजीची धास्ती

मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेले विद्यार्थी आम्हाला नेहमी विचारतात, की आमचे इंग्रजी कमी पडेल काय? या पेपरात साहित्यिक इंग्रजीला गुण नाहीत. उलट अवघड शब्द आणि लांबलचक वाक्ये यांनी अर्थ धूसर होतो. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. वाक्य पंधरा-वीस शब्दांत संपवावे. प्रत्येक मुद्द्याला छोटा मथळा द्यावा आणि दोन मुद्द्यांत एक ओळ मोकळी सोडावी. ‘यामुळे’, ‘परिणामी’, ‘म्हणून आमची शिफारस’ अशा जोडशब्दांसाठी पाच-सहा इंग्रजी रूपे हातात बसवून घ्यावीत. मुद्द्याचा ओघ त्यांनीच राहतो.

इंग्रजीपेक्षा टंकलेखनाची अडचण खरी आहे. ज्याचा हात संगणकावर चालत नाही त्याचे डोक्यातले उत्तर डोक्यातच राहते. रोज अर्धा तास टंकलेखनाला दिला तर दोन-तीन महिन्यांत फरक पडतो.

सराव कसा करावा?

पुस्तक तीनदा वाचण्यापेक्षा पूर्ण पेपर तीनदा लिहिणे अधिक उपयोगाचे. संस्था जुने पेपर, नमुना उत्तरे, परीक्षकांचे अहवाल आणि प्रत्यक्ष परीक्षेसारखा दिसणारा संगणकीय सराव उपलब्ध करून देते. परीक्षकांचे अहवाल तर अवश्य वाचावेत. उमेदवार कोठे चुकतात हे परीक्षक तेथे स्वतःच सांगतो आणि त्याची तक्रार बहुतेक वेळा तीच असते : उत्तर कंपनीला लावलेले नाही.

सरावाची आमची सूचना अशी. घड्याळ लावून, मध्ये न उठता, संगणकावर पूर्ण पेपर लिहावा. दुसऱ्या दिवशी आपले उत्तर परक्याचे समजून तपासावे. प्रत्येक वाक्याजवळ एक प्रश्न विचारावा : कंपनीचे नाव बदलले तर हे वाक्य दुसऱ्या कंपनीला लागू पडेल काय? पडत असेल तर ते खोडावे किंवा पुन्हा लिहावे. पहिल्या वेळी निम्मे उत्तर खोडले जाईल. घाबरू नये. तिसऱ्या पेपरापर्यंत हात आपोआप वळतो. दोघे मित्र मिळून एकमेकांचे पेपर तपासत असतील तर अधिक चांगले. आपल्याला न दिसणारी चूक दुसऱ्याला चटकन दिसते.

नोकरी करणाऱ्यांना आणखी एक सराव फुकट उपलब्ध आहे. आपण ज्या कंपनीत काम करतो तिच्याकडे सल्लागाराच्या नजरेने पाहावे. साहेबांनी नवी शाखा काढण्याचे ठरवले, तर त्यातील जोखमी घरी येऊन अर्ध्या पानावर लिहाव्यात. वसुली का थकली, माल का पडून राहिला, एकाच माणसाच्या सहीवर किती व्यवहार चालतात, हे पाहावे. हा कागद कोणाला दाखवावयाचा नाही आणि त्यात कंपनीची गुपितेही नकोत. पण रोज असा विचार करणाऱ्याला परीक्षेतील कंपनी परकी वाटत नाही.

शेवटची सूचना

ज्यांचा हा पेपर एकदा-दोनदा राहिला आहे, त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून पुस्तक वाचण्यास बसू नये. विषय त्यांना बहुधा येतो. त्यांनी आपले जुने सराव-पेपर काढून, वर दिलेल्या कसोटीने किती वाक्ये टिकतात ते मोजावे आणि पुढील तयारीचा निम्म्याहून अधिक वेळ लिहिण्याला द्यावा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर अशी वर्षातून चार सत्रे असतात. घाईने पुढच्याच सत्राची फी भरण्याऐवजी किमान तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून लिहून व तपासून झाल्यावरच नाव नोंदवावे. एका सत्राचा उशीर परवडतो. आणखी एका अपयशाची किंमत पैशांत आणि उमेदीत फार मोठी पडते.